लाकडी गाडीचा माग

जिओकॅशिंग हा शोधाशोधीचा खेळ मे 2000 मध्ये अमेरिकेत सुरू झाला. जीपीएसच्या संकेतांत तिथल्या सरकारने मुद्दाम राखलेली चूक 2 मे रोजी काढून टाकली गेली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनच्या रानात एकाने बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. पुढे अशा डब्यांच्या माळाच तयार झाल्या. कुठे कुठे तर माळेतल्या एकेका डब्याला एकेका जुन्या मोटारीचे नाव असते. अशी वाट मला इतिहासलेखनाचाच एक प्रकार वाटते. डबा कुठे ठेवला आणि कुठे टाळला, यावरून मांडणाऱ्याची दृष्टी कळते. म्हणून तिची समीक्षाही व्हायला हवी.

लाकडी बॉडीच्या मोटारींचा, म्हणजे ‘वुडीं’चा, रूढ इतिहास असा: रेल्वे स्टेशनवरून उतारू आणि सामान वाहणाऱ्या गाड्यांपासून ‘स्टेशन वॅगन’ जन्मली. 1929 मध्ये फोर्डने मॉडेल ए वर लाकडी वॅगन काढली. मिशिगनमधले जंगल कंपनीच्याच मालकीचे होते आणि कापून उरलेल्या लाकडाचा कोळसा करून तोही ती विकत असे. 1949 मध्ये प्लिमथची संपूर्ण पोलादी वॅगन आली, 1953 नंतर अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या वॅगनमधले खरे लाकूड संपले आणि पत्र्यावर लाकडासारखा दिसणारा प्लास्टिकचा कागद चिकटू लागला. या कथनात हळहळ भरपूर आहे. मात्र ती मालकाची आहे. सांधे जुळवणारा सुतार तिच्यात जवळजवळ नाही. माझा मुख्य आक्षेप हाच.

आपल्याकडे पाहिले तर हा आक्षेप अधिकच टोचतो. 1 जून 1948 रोजी नगरहून पुण्याला पहिली एस.टी. धावली. तिची बॉडी लाकडी होती आणि सीटा काथ्याच्या. पुढे पोलादी बॉडी आली. किनारपट्टीच्या हवेत ती गंजते म्हणून मग ॲल्युमिनियम आले. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली माणसे पहिल्यांदा मोटारीत बसली ती अशा गाड्यांत. तरीही त्या लाकडी बॉडीला इतिहासात जेमतेम एखादे वाक्य मिळते. वुडी श्रीमंतांच्या संग्रहात गेली, त्यामुळे ती टिकली आणि तिच्यावर पुस्तके निघाली. एस.टी. रोजच्या वापरात झिजली आणि भंगारात गेली. जे जपले गेले त्यालाच इतिहास म्हणायचे ठरवले, तर सार्वजनिक वाहनाला इतिहासच उरत नाही.

नाशिकमध्ये अशी वाट आखायची झाली तर कशी असेल, हे मी कागदावर मांडून पाहिले. सातपूरला महिंद्रचा कारखाना आहे, पण तिथली परंपरा पत्र्याची आणि पोलादाची. लाकडी वाहन शोधत गेलो तेव्हा पंचवटीत पोहोचलो. चैत्रातल्या कामदा एकादशीला तिथे रामरथ आणि गरुडरथ निघतात. दोन्ही लाकडी, दोन्ही माणसांनी दोराने ओढायचे. कोरीव काम, चाके आणि रथाचा घाट यांचे कौतुक करून इथेही थांबता येते.

पण काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला आणि त्याच एप्रिलमध्ये रथाचा प्रश्न पुढे आला. सवर्ण आणि अस्पृश्य दोघांनी मिळून रथ ओढायचा, अशी तडजोड झाली होती. प्रत्यक्षात ती पाळली गेली नाही. सत्याग्रहींच्या हाती दोर येऊ न देता रथ पुढे नेला गेला आणि त्यांच्यावर दगड पडले. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालचा हा लढा पुढे काही वर्षे चालला.

वाहनाचा इतिहास लिहिताना लाकूड कोणते, वर्ष कोणते, हे विचारायलाच हवे. त्याच्याच जोडीने ते कोणी घडवले, त्यात कोणाला बसता आले आणि त्याचा दोर कोणाला धरू दिला नाही, हेही विचारले पाहिजे. वुडींच्या वाटेवर हे प्रश्न नसले तरी खेळ पुरा होतो. नाशिकच्या वाटेवर ते टाळले, तर डबा सापडूनही हाती काही लागत नाही.