पडद्यावरचा ‘ल’ आणि वाचणारं मूल

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एक विषय अर्धवट राहिला होता. शाळेत टॅब आले, आता तरी मुलं वाचायला लागतील ना? आज तिथूनच सुरुवात करू. आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी कोणीतरी विचारतंच.

गरज मोठी आहे, यात वाद नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. आणि हे मोजायचं साधन काय? एक छापील कागद आणि मुलाशेजारी बसून ऐकणारा एक माणूस. हा माणूस लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता एका अक्षराकडे बघू. ‘ल’. बालभारतीच्या पुस्तकातून शिकणारं मूल पाकळ्यांचा ल शिकतं. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असंच धरलेलं आहे. टॅबवर गोष्ट उघडली की पुष्कळदा दिसतो तो हिंदी वळणाचा, दंडाचा ल. तुम्हाआम्हाला हा फरक जाणवतही नाही, कारण आपण अक्षर वाचतच नाही, शब्द वाचतो. पण सहा वर्षांच्या मुलासाठी ते न शिकवलेलं अक्षर असतं. एका वर्गात आम्ही बसलो होतो, तिथे एक मुलगी ‘मुलगा’ या शब्दापाशी अडली. हाच शब्द तिने दहा मिनिटांपूर्वी पुस्तकातून खडखडीत वाचला होता! टॅबने तिला पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं. तिने केला, परत अडली, मग खिडकीबाहेर बघायला लागली. बाईंनी फळ्यावर दोन्ही ल शेजारी शेजारी काढून दाखवले, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

यात चीड येण्यासारखी गोष्ट ही की दुरुस्ती अगदी सोपी आहे. युनिकोडमध्ये ल एकच, आकार ठरवतो तो फॉन्ट. मजकुराची भाषा मराठी अशी नोंद केली तर काही फॉन्ट आपणहून मराठी ल दाखवतात. खर्च जवळजवळ नाहीच. फक्त ते कुणीतरी मुलाच्या जागी बसून बघायला हवं.

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्या ॲपची. मूल मोठ्याने वाचतं, यंत्र ऐकतं, बरोबर आलं की तारे देतं. कल्पना चांगलीच आहे, कारण चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं रोज ऐकणं बाईंना शक्य नसतं. पण मराठी ऐकायची म्हणजे काय? ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च कागदावर एकच, तोंडात दोन. विदर्भातलं मूल ‘डोळा’ बघून ‘डोया’ म्हणेल, कुठे ‘पाणी’चं ‘पानी’ होईल. हे मूल चुकलं का? आमचं म्हणणं, नाही. त्याने अक्षर ओळखलं, शब्द ओळखला, अर्थही ओळखला, आणि तो आपल्या घरच्या उच्चारात सांगितला. शेजारी बसलेल्या माणसाला हे कळतं. यंत्राला ते मुद्दाम शिकवावं लागतं, आणि न शिकवलेलं यंत्र वाचनाच्या नावाखाली बोलीची परीक्षा घेत बसतं.

याच्या अगदी उलट वाटेने गेलेला एक प्रयोग आपल्याच देशात झालाय. १९९६ मध्ये ब्रिज कोठारी यांना एक स्पॅनिश चित्रपट पाहताना वाटलं, खालच्या ओळी स्पॅनिशमध्येच असत्या तर भाषा किती सहज शिकता आली असती. त्यातून गाण्याच्याच भाषेत गाण्याच्या ओळी दाखवायची कल्पना निघाली. आधी गुजरातीत, मग ‘चित्रहार’मध्ये. शब्द गायला जातो तसा त्याचा रंग बदलतो, बस. पुढे झी टॉकीजवर मराठी चित्रपटही अशा ओळींसह दाखवले गेले. इथे कोणी विचारत नाही, तपासत नाही, तारे देत नाही. गाणं तोंडपाठ असतं, डोळे आपोआप ओळीकडे जातात. आम्हाला ही रीत जास्त शहाणपणाची वाटते. अर्थात अक्षरओळखच नसलेल्या मुलाचं यावर भागणार नाही, थोडी तरी अक्षरं हाताशी लागतात.

‘स्टोरीवीव्हर’बद्दल तक्रार करणं जिवावर येतं. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये ते सुरू केलं, गोष्टी खुल्या परवान्यावर दिल्या, मराठीत शेकडो चित्रकथा फुकट उपलब्ध झाल्या. ज्या शाळेत कपाटाला कुलूप आणि कपाटात वीस पुस्तकं, तिथे ही केवढी मोठी सोय! पण भाषांतरित गोष्टीची पातळी जरा जपून घ्या. इंग्रजीत सन आणि मून हे नवशिक्याचे शब्द. मराठीत ते झाले सूर्य आणि चंद्र, म्हणजे एकात रफार, दुसऱ्यात अनुस्वार आणि वर रकार. उलट फुलपाखरू दिसायला लांबलचक, पण जोडाक्षर एकही नाही. वाक्यात शब्द तीनच आहेत म्हणून गोष्ट पहिल्या पातळीची, हा हिशेब मराठीत चालत नाही. मुलांना देण्याआधी बाईंनी गोष्ट एकदा स्वतः चाळावी, एवढंच.

आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड. तो उघडला की धड्याचा व्हिडिओ लागतो, कोणीतरी धडा छान वाचून दाखवतं, आणि मूल पुस्तक मिटून ऐकत बसतं. ऐकणं वाईट नाही, आम्हीही लहानपणी रेडिओ ऐकत वाढलो. पण ज्या पानावर नजर टिकवायची, त्याच पानावरून बाहेर पडायचं दार आपण छापून दिलंय, बरं का! त्याच व्हिडिओत धड्याची ओळ दिसत राहिली आणि शब्दागणिक रंग बदलत गेला, तर सगळं चित्र पालटेल. व्हिडिओ तयार आहेत, धडे तयार आहेत, कोठारींची रीत पंचवीसहून जास्त वर्षं जुनी आहे. मग हे का होत नाही, याचं उत्तर आमच्याकडे नाही. सभागृहात कोणी पाठ्यपुस्तकांच्या कामातलं असेल तर जरूर सांगावं.

वेळ होत आलीय, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे. बोला.