दूरदेशीचा निबंध आणि घरचा उंबरठा

परदेशी शिकावयास गेलेला तरुण तेथे बसून स्वसमाजाविषयी जे लिहितो, ते बहुधा दोहोंपैकी एका टोकास जाते. परक्यांसमोर घरची बाजू राखावी असे त्यास वाटते, किंवा परक्यांचा चष्मा लावून तो घरच्यांना नावे ठेवू लागतो. ही दोन्ही टोके टाळणारा निबंध विरळाच. असा एक निबंध बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या तरुणाने लिहिला. तथापि शिष्यवृत्तीचा उल्लेख आपण जितक्या अभिमानाने करतो, तितक्या आस्थेने तो निबंध वाचत नाही, असे आमचे निरीक्षण आहे.

दि. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. पुढे मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी दिलेल्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेस गेले होते.

निबंधाचा गाभा थोडक्यात असा : जात म्हणजे कोंडून घेतलेला वर्ग, आणि ही कोंडी टिकते ती जातीतल्या जातीतच विवाह करण्याच्या बंधनाने. ते बंधन पाळावयाचे तर जातीतील विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे. पती अथवा पत्नी मागे उरली की तो तोल बिघडतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथांचा उगम तरुण आंबेडकर या हिशेबात शोधतात. ज्यांना आपण निरनिराळ्या दुष्ट रूढी मानतो, त्या एकाच यंत्राची चाके असल्याचे येथे दिसते. एकाने दार लावून घेतले की दुसरा आपोआप बाहेर राहतो, हा विचारही त्यांनी दाराच्या प्रतिमेतूनच मांडला आहे.

निबंधाचा स्वर विशेष लक्षणीय आहे. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसावे लागलेल्या या विद्यार्थ्याने स्वतःच्या अपमानाविषयी येथे अक्षरही काढलेले नाही. आपले मत चुकीचे ठरल्यास ते सोडण्याची तयारीही तो दाखवितो. मात्र निबंधास मर्यादाही आहेत. वरच्यांचे पाहून खालच्यांनी दारे लावली, या अनुकरणाच्या सिद्धान्तावर भर दिल्याने खालच्यांवर झालेल्या जुलमाची बाजू उणी पडते आणि अस्पृश्यता जवळजवळ अनुल्लेखित राहते. मनूने जात निर्माण केली नाही, असे म्हणणारे हेच लेखक १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात शास्त्रांच्या अधिकारावरच घाव घालतात. उत्पत्तीचा प्रश्न निराळा व टिकण्याचा निराळा हे खरे. पण मधल्या वीस वर्षांच्या अनुभवाने भर बदलला, हेही तितकेच खरे.

या निबंधाशेजारी एक आफ्रिकी पुस्तक ठेवून पाहावे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मॅलिनोव्स्की यांच्या हाताखाली शिकलेल्या जोमो केन्याटांनी आपल्या गिकुयू समाजावर लिहिलेले 'फेसिंग माउंट केनिया' १९३८ साली प्रसिद्ध झाले. आपल्या मुलांबरोबरच आफ्रिकेतील वंचित तरुणाईसही त्यांनी ते अर्पण केले आहे. त्यातील एका कथेत पावसात सोंडेपुरता आसरा मागणारा हत्ती माणसाची अख्खी झोपडी बळकावतो, आणि न्याय करावयास बसतात ती जंगलातीलच जनावरे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी बळकावलेल्या जमिनीची हकिकत इतक्या नेमक्या उपरोधाने सांगणारे लेखन थोडेच असेल. परंतु हेच केन्याटा मुलींच्या सुंतेच्या प्रथेचे समर्थन करतात, कारण ती काढली तर समाजाची वीणच उसवेल असे त्यांस वाटते. हत्तीविरुद्ध तळपणारी लेखणी घरातल्या मुलीपाशी येऊन थबकते.

हा फरक बुद्धीचा नव्हे, जागेचा आहे. केन्याटांना 'आमचा समाज' असे सहज म्हणता येत होते, आणि जमीन गेलेल्या त्या समाजाची बाजू मांडणे हे त्यांचे पहिले कर्तव्य होते. आंबेडकरांना त्या 'आमचा' शब्दात जन्मतःच जागा नव्हती. ज्यास घरात घेतलेलेच नाही, त्यास घराची झाकली मूठ राखण्याचे कारण नसते. दोघांच्या भाषेचा प्रवासही उलट्या दिशांचा आहे. केन्याटा १९२८ मध्ये 'मुइग्विथानिया' हे गिकुयू मासिक चालवून मग इंग्रजी ग्रंथाकडे आले. आंबेडकरांनी आधी इंग्रजी निबंध लिहिला आणि ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढून ते मराठीत आले. निदान केले कोलंबियात. रोग्याशी बोलायचे तर त्याच्या भाषेतच बोलणे भाग होते.

आता बडोद्याकडे. निबंध छापून आला त्याच वर्षी, सप्टेंबर १९१७ मध्ये, आंबेडकर संस्थानाच्या नोकरीसाठी येथे आले. त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी असल्याचे भासवून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हाकलले. दोन सुशिक्षित मित्रांचीही दारे उघडली नाहीत. एकास नोकर निघून जाण्याची चिंता होती, दुसऱ्यास पत्नीच्या संमतीची. अखेर मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात ही हकिकत आहे. ती व १९१६ चा निबंध एकत्र वाचावेत, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. एकात दाराचा सिद्धान्त आहे, दुसऱ्यात प्रत्यक्ष दार आहे.

शिष्यवृत्ती देणारा राजा आणि खोली नाकारणारे शहर एकाच नकाशावर होते. आपल्या पूर्वजांपैकी कित्येक त्याच शहरात, त्याच दरबारच्या सेवेत होते. दिव्याचे श्रेय आपण घेतो, तर दिव्याखालच्या अंधाराचा हिशेबही आपल्याच वहीत मांडला पाहिजे.

आज सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठात आफ्रिकी देशांतून आलेले तरुण शिकतात. त्यांतील कोणी आपल्या समाजाविषयी लिहीत असेल, कोणी आपल्याविषयीही. त्यांचा निबंध कसा उतरेल हे त्यांच्या बुद्धीवर अवलंबून आहे. पण बडोद्याविषयीच्या परिच्छेदात काय येईल, ते त्यांनी भाड्याची खोली विचारली तेव्हा आपण काय उत्तर दिले, यावर ठरेल.