शुक्रवारची तालीम



टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेवर मी लेख लिहिते आहे हे ऐकून माझी नात हसली. "सावता, तू तर दुसऱ्या गाण्यालाच पेंगायला लागतेस," ती म्हणाली. खोटे नाही. २००३ साली 'कोखाव नोलाद' सुरू झाले तेव्हापासून आमच्या घरी या स्पर्धा लागतात, आणि त्यांतले निम्मे तारे माझ्या झोपेतच उगवले. पण २०१८-१९ च्या हिवाळ्यात 'हकोखाव हबा'च्या वेळी मी टक्क जागी असे. कारण एकच, शालवा नावाचा वाद्यवृंद. तो स्पर्धेतून निघून गेला आणि माझी झोप परत आली.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांना थोडक्यात सांगते. 'हकोखाव हबा' म्हणजे 'पुढचा तारा'. बारा नंबरच्या चॅनेलवर लागतो. आसी अझार आणि रोतेम सेला सूत्रसंचालन करतात. पहिल्या फेरीत गायक भल्या मोठ्या पडद्यामागे उभा राहून गातो. होकाराची मते ७० टक्क्यांवर गेली की पडदा वर जातो, आणि गायकाला समोर परीक्षक, दिवे, टाळ्या वाजवणारी माणसे दिसतात. नाही गेला तर घरचा रस्ता. साऱ्या कार्यक्रमाचा जीव या पडद्यात आहे. गाणारा गातो खरा, पण त्याचे अर्धे चित्त पडदा कधी हलतो याकडे असते, आणि ते गाण्यात ऐकू येते. तीस-चाळीस सेकंदांत लोकांची मने जिंकायची म्हणून जो तो सुरुवातीपासून ओरडू लागतो. गाणे हळूहळू चढवत न्यायची उसंतच कोणाला नाही.

२०१५ पासून या स्पर्धेचा विजेता आपल्या देशातर्फे युरोव्हिजनला जात होता. नेत्ता बार्झिलाई याच वाटेने लिस्बनला गेली आणि १२ मे २०१८ रोजी जिंकून आली. म्हणून २०१९ चे युरोव्हिजन तेल अवीवला होते, आणि म्हणूनच या हंगामाला एवढे महत्त्व होते. यजमानांच्या घरचा गायक कोण, हे ठरायचे होते.

शेवटपर्यंत टिकलेल्यांविषयी आधी लिहिते. जिंकला तो रामात गानचा कोबी मारिमी. नाटकाचे शिक्षण घेतलेला तरुण, आवाज भारदस्त, शब्द स्पष्ट. मध्येच एकदा बाहेर पडून तो पुन्हा आत आला होता. त्याचे गाणे मला नेहमी रंगमंचावरच्या स्वगतासारखे वाटले. पहिल्या ओळीपासूनच शेवटच्या ओळीचे अश्रू तयार! माया बुस्किला तर कित्येक वर्षांपासूनची प्रसिद्ध गायिका. तिने नवशिक्यांच्या रांगेत का उभे राहावे हे मला कळले नाही, पण गाताना तिने कोणाकडे दया मागितली नाही, हे आवडले. शेफिता हे रोतेम शेफी या गायिकेने घेतलेले सोंग आहे. अरबी वळणाच्या उच्चारात ती इंग्रजी गाणी म्हणते. गळा पक्का तयार. पण विनोद सारा उच्चारावर उभा आहे, आणि तिथे मला हसू येत नाही. माझ्या हिब्रू उच्चारांना एके काळी दुकानात, दवाखान्यात, खिडकीपलीकडच्या कारकुनांनी भरपूर हसून घेतले आहे. त्यांचेही कान सुरेलच असतील.

दुसरी आली ती केत्रेया. ही आमच्या दिमोनाची. १९६९ साली अमेरिकेतून आलेल्या काळ्या हिब्रू लोकांची वस्ती आमच्या गावात आहे, तिथली ही मुलगी. साधी उभी राहते आणि गळ्यातून काढलेला सूर जिथे ठेवायचा तिथे अलगद ठेवते. नातीने सगळी मते हिलाच दिली. गावाचा अभिमान बाजूला ठेवूनही मी म्हणेन की एकट्याने गाणाऱ्यांत ती सर्वांत सुरेल होती.

आता शालवा.

जेरुसलेममध्ये अपंग मुलांसाठी काम करणारी शालवा नावाची संस्था १९९० पासून आहे. तिथलाच हा वाद्यवृंद. शाय बेन शुशान हे त्याचे प्रमुख. ते स्वतः सैन्यात असताना जबर जखमी झाले होते. वादकांत डाऊन सिंड्रोम असलेले तरुण आहेत. गाणाऱ्या दोघी, दीना सामते आणि आनाएल खलिफा, अंध आहेत. दीना भारतात जन्मलेली, बने मनाशे समाजाची. आपण कोकणातल्या वाड्यांचे, ते मणिपूर-मिझोरामच्या डोंगरांतले. भाषा वेगळी, चेहरे वेगळे. पण तुम्ही खरेच ज्यू का, हा प्रश्न आपल्यालाही विचारला गेला आणि त्यांनाही. भारतातून आलेली पोर म्हणून मी सरसावून बसले, हे कबूल करते.

पहिल्या फेरीत त्यांनी बीटल्सचे सूर्योदयाचे गाणे म्हटले, 'हिअर कम्स द सन'. पडदा वर गेला. आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आले की या दोघींना पडदा दिसतच नाही! तो होता हेही नाही आणि गेला हेही नाही. टाळ्यांच्या गजरावरून काय ते कळले असेल. इतर गायक पडदा हलला की एकदम फुलतात, हात पसरतात, आवाज वाढवतात. या दोघींचा सूर आधी जिथे होता तिथेच राहिला. एकमेकींचा श्वास ऐकून दोघी एकत्र येत होत्या, एकत्र थांबत होत्या. एवढ्या खटाटोपाने उभारलेल्या त्या यंत्राचा त्यांच्या गाण्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

मग परीक्षकांची पाळी आली, आणि डोळे पुसण्याचा कार्यक्रम सुरू झाला. इतरांना ते सांगत की इथे सूर उतरला, तिथे शब्द खाल्लास, गाण्याची निवड चुकली. शालवाला असे कोणी काही सांगितल्याचे मला आठवत नाही. तुम्ही देवदूत आहात, तुम्ही आम्हाला शिकवता, असेच सारे. माझी खरी तक्रार इथे आहे. गाणाऱ्याचे गाणे न ऐकता त्याचे दुःखच ऐकणे हा त्या गाण्याचा अपमान आहे, मग तो डोळ्यांत पाणी आणून केलेला का असेना.

आमच्या लहानपणी अलिबागच्या इस्रायल आळीत कीर्तन होई. तोरातल्या कथा, मराठी पदे, पेटी आणि तबला. कीर्तनकार म्हातारा असो, आजारी असो, ताल सुटला की माझी आजी मांडीवर जोराने थाप मारून त्याला ठेक्यावर आणी. तिला तो आपला वाटे म्हणूनच ती असे करी. तेव्हा परीक्षकांनी केले नाही ते मी करते. शालवाची गाण्यांची मांडणी फार जपून केलेली असते. दोघी सतत जोडीने गातात, एकीला एकटीने मोकळे फिरायला जागा मिळत नाही. दीनाचा आवाज एखादे कडवे एकटीने पेलेल अशी माझी खात्री आहे. तो पेलू द्यायला हवा होता. तालवाद्ये मात्र छान. ठेका साधा, पण घाई नाही, आणि या कार्यक्रमात घाई न करणारे तेवढेच होते.

लोक त्यांच्यावर लुब्ध झाले. जिंकतील अशी बोलणी सुरू झाली. आणि अंतिम फेरी जवळ आली तेव्हा शुक्रवारचा प्रश्न पुढे आला.

युरोव्हिजनचा अंतिम सोहळा शनिवारी रात्री असतो. आपल्याकडे तोवर शब्बाथ निघालेला असतो, त्यामुळे तेवढ्यापुरती अडचण नव्हती. अडचण होती ती आदल्या शुक्रवारच्या रात्रीची. त्या रात्रीची तालीम नावाचीच तालीम असते. तीच पाहून देशोदेशीचे परीक्षक आपले गुण देतात. ती चुकवून चालत नाही. मग शनिवारी दिवसा आणखी एक तालीम. वृंदातले काही जण शब्बाथ पाळणारे. युरोपच्या संघटनेकडे विचारणा झाली, वेळ बदलणार नाही असे उत्तर आले. काही जणांना मागे ठेवून बाकीच्यांनी जावे, असे वृंदाने केले नाही. सगळेच्या सगळे स्पर्धेतून बाहेर पडले.

आमच्या बेत क्नेसेतमध्ये किद्दुशनंतर यावर चांगलीच जुंपली. एक जण म्हणाले, देशाचे नाव झाले असते, एका शुक्रवारने काय बिघडले असते? दुसरे म्हणाले, हे पहिल्या दिवशी ठाऊक नव्हते काय? मला दुसऱ्यांचे पटले. युरोव्हिजन शनिवारी असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाहणाऱ्यांचे इतके अश्रू गोळा करण्याआधीच हा प्रश्न कागदावर मांडून सोडवता आला असता; निदान सुटत नाही एवढे तरी सांगता आले असते. १९७९ साली जेरुसलेमला आपण जिंकलो, आणि १९८० ची स्पर्धा योम हझिकारोनच्या दिवशी आली म्हणून आपला देश गेलाच नाही. जिंकलेला देश घरी बसला आणि आभाळ कोसळले नाही.

आपल्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणत, हे या अंकाच्या वाचकांना मी काय सांगावे! हिब्रू विसरलो, ग्रंथ हरवले, पण शनिवारी घाणा फिरला नाही. घाण्याचे असे आहे की तो अर्धा बंद ठेवता येत नाही. शालवाची बातमी ऐकली तेव्हा मला आधी घाणाच आठवला, आणि मग माझे आबा.

१९६३ साली आम्ही दिमोनाला आलो. आबांना एका कारखान्यात काम मिळाले. पहिल्याच आठवड्यात शुक्रवारची रात्रपाळी लागली. आबा म्हणाले, बाकीच्या पाच रात्री द्या, ही नको. मुकादम हसून म्हणाला, "तुम्ही होदूचे लोक, तुम्हाला कसला आलाय शब्बाथ?" तेव्हा रब्बींच्या कचेरीतही आपल्या लग्नांवरून शंका काढल्या जात होत्या, सरकारने आपल्याला सर्वार्थाने ज्यू म्हणून जाहीर केले ते पुढच्या वर्षी, १९६४ त. आबांनी मुकादमाशी वाद घातला नाही. वर्षभर पाच-पाच रात्रपाळ्या केल्या. त्यांची तब्येत त्या वर्षात जी खालावली ती पुन्हा सुधारली नाही. म्हणून कोणी शब्बाथसाठी काही सोडले की मला नुसता अभिमान वाटत नाही, त्याची किंमतही आठवते. माझी स्वतःची मुले शुक्रवारी टीव्ही लावतात. मी मेणबत्त्या लावते आणि त्यांना काही म्हणत नाही.

शालवा गेल्यावर हंगाम खुरटला. १२ फेब्रुवारीला कोबी जिंकला, आणि मग त्याला गाणे देण्यात आले. आधी गायक निवडायचा आणि गाणे नंतर शोधायचे, ही या स्पर्धेची उलटी रीत. 'होम' हे ते गाणे अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत. १९७८, १९७९, १९९८ या तिन्ही वेळा आपण हिब्रू गाऊन जिंकलो होतो, आणि नेत्ताच्या गाण्यातही दोन-चार हिब्रू शब्द तरी होते. स्वतःच्या घरी भरलेल्या स्पर्धेत घरावरचे गाणे परक्या भाषेत! कोबी मनापासून गायला, शेवटी रडलासुद्धा. नंबर तेविसावा आला. दोष त्याच्या गळ्याचा नाही. पडद्यासमोर जे शिकवले गेले तेच त्याने तेल अवीवला केले.

शालवाला उपांत्य फेरीत पाहुणे म्हणून बोलावले होते, १६ मे रोजी. त्या दिवशी गुरुवार होता. त्यांनी 'अ मिलियन ड्रीम्स' म्हटले, हॉलिवूडच्या एका चित्रपटातले. गाणे जरा जास्तच गोड आहे, आणि मला तिथे हिब्रू ऐकायला आवडले असते. पण सभागृह गप्प झाले होते. नातीने फोन उचलला आणि मत द्यायला बटण शोधू लागली. तिला आठवण करून द्यावी लागली की यांना मत देता येत नाही.

हे गाणे आणि पहिल्या फेरीतले गाणे, दोन्ही यूट्यूबवर आहेत. नातवंडांना सांगा, शालवा बँड असे लिहून शोधून देतील. पहिल्यांदा ऐकताना फोन टेबलावर पालथा ठेवा. परीक्षकांचे चेहरे नंतर पाहिले तरी चालतील.