ऑपेरा हाऊस : डोळ्यांसाठीं आणि कानांसाठीं

संगीतासाठीं बांधलेलें नाट्यगृह हें एका अर्थानें वाद्यच होय. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हस्तिदंती नक्षी कितीहि सुरेख उतरली, तरी तारा छेडल्यावांचून त्याची परीक्षा होत नाहीं. मुंबईंतील रॉयल ऑपेरा हाऊसच्या जीर्णोद्धाराची प्रशंसा पुष्कळ झाली. पण ती बहुतांशीं भोपळ्याची आहे. तारांविषयीं थोडें लिहावें, एवढाच या लेखाचा हेतु.

चर्नी रोडजवळच्या या वास्तूचें उद्घाटन सन १९११ मध्यें, बांधकाम पुरें होण्यापूर्वींच, बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें झालें. विलायती मंडळ्यांच्या खेळांबरोबर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचे स्वरहि या भिंतींनीं ऐकले. पुढें नाट्यगृहाचें चित्रपटगृह झालें, आणि १९९३ सालीं त्याचीं दारें बंद झालीं. तीं उघडलीं ऑक्टोबर २०१६ मध्यें, म्हणजे तेवीस वर्षांनीं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनीं छताची सोनेरी कलाकुसर, रंगीत कांचा आणि राजेशाही सज्जे यांना पूर्वरूप दिलें. युनेस्कोनें २०१७ सालीं या कामाचा गौरव केला, तोहि सर्वथा उचित.

पुनरुद्घाटनाच्या प्रसंगीं गाण्याचा मान पॅट्रिशिया रोझारिओ यांस मिळाला. बाई जन्मानें मुंबईच्या. कीर्ति मिळविली ती इंग्लंडांत, सोप्रानो म्हणून, म्हणजे स्त्रीकंठाच्या सर्वांत उंच पट्टींत गाणाऱ्या गायिका म्हणून. ही निवड वास्तूच्या नांवाला शोभली, आणि तींतून एक विचारहि सुचतो. ऑपेराच्या गळ्याची सारी शिकवण ध्वनिवर्धकावांचून मोठ्या वाद्यमेळावर स्वार होण्यासाठीं घडली आहे. सोप्रानो गायिका जसजशी वर चढते, तसतशी ती जबडा अधिक उघडून मुखाची गुंज त्या स्वराशीं जुळवून घेते. त्यामुळें स्वर दूरवर पोंचतो. पण स्वरवर्णांचे भेद पुसट होतात. ‘हिचे शब्द कळत नाहींत’ ही आपल्याकडील श्रोत्यांची तक्रार खोटी नाहीं. दोष मात्र गायिकेचा नव्हे. नादासाठीं दिलेलें तें मोल आहे.

आपल्या संगीत रंगभूमीपुढेंहि हाच प्रश्न होता. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० सालीं पुण्यास रंगलें, तेव्हां ध्वनिवर्धक कोठें होता? पण आपण उत्तर निराळें शोधलें. गळ्याचें वळण न बदलतां साथ हलकी ठेवली. गंधर्व मंडळीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला लाभला होता. असे थोर साथीदारहि गायकाला वाट देत. म्हणून पदांतील शब्द शाबूत राहिला, आणि प्रेक्षकांना तो हृदयाशीं धरतां आला. एकानें नाद राखला, दुसऱ्यानें शब्द. पण दोघांचीहि भिस्त नाट्यगृहाच्या भिंतींवर आणि श्रोत्यांच्या शांततेवर होती.

ध्वनिवर्धकाला सरसकट नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. ख्यालांतील अतिमृदु स्वर, जो पूर्वीं पहिल्या दोन रांगांची मिरास होता, तो यंत्रामुळेंच हजारोंपर्यंत गेला. मैदानांतील जलशाला त्यावांचून गति नाहीं. परंतु सुमारें ५७५ आसनांच्या बंदिस्त नाट्यगृहांत तोच नियम कां लावावा? यंत्रांतून येणारा आवाज कोठल्याहि सभागृहांत सारखाच येतो. मग हें गृह वांचविलें कशासाठीं, या प्रश्नाला ‘पाहण्यासाठीं’ एवढेंच उत्तर उरतें.

यास्तव एक सूचना. ऑपेरा हाऊसनें वर्षांतून कांहीं रात्री तरी यंत्रावांचून गाण्यासाठीं राखाव्या. त्यांत एक रात्र ऑपेराची असावी आणि एक संगीत नाटकाची, पायपेटी, सारंगी, तबला एवढ्याच साथीवर. आरंभीं शेवटच्या रांगेंतून कुरकुर ऐकूं येईल. नटांना स्वर कसा फेंकावा हें नव्यानें शिकावें लागेल, आणि आपणां श्रोत्यांना खोकला आवरावा लागेल. हे कष्ट दोघांनींहि सोसल्यावांचून सोनेरी छताखालीं त्या छताचा खरा उपयोग कोणासहि कळणार नाहीं. कारागिरांनीं आपलें काम चोख केलें आहे. उरलेलें काम गवयांचें आणि आपलें आहे.