पूर्वपक्षाचा न्याय : वैचारिक निबंधाच्या अध्यापनाविषयी

'विज्ञान : शाप की वरदान?' हा विषय शाळेपासून पदवी परीक्षेपर्यंत मराठी विद्यार्थ्याची पाठ सोडीत नाही. त्यावरील निबंधाचा साचाही ठरून गेलेला आहे. आरंभी विजेचा दिवा, आगगाडी व औषधे यांची स्तुती. मध्यंतरी अणुबॉम्ब, धूर व बेकारी यांची निंदा. आणि अखेरीस विज्ञान हे शापही नव्हे व वरदानही नव्हे, सारे काही वापरणाऱ्याच्या बुद्धीवर अवलंबून आहे, असा निर्वाळा. अशा निबंधास समतोल म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्यात तोलण्याची क्रिया घडलेलीच नसते. पहिले वाक्य लिहिण्यापूर्वीच निष्कर्ष ठरलेला असतो, आणि मधला सर्व मजकूर गाळला तरी त्यास बाध येत नाही.

या दोषाचे मूळ समतोल आणि समसमान या दोन कल्पनांच्या गोंधळात आहे. तराजू खरा ठरतो तो दोन्ही पारडी सदैव एका रेषेत राहतात म्हणून नव्हे. रिकामा असताना त्याची दांडी सरळ राहते आणि माल पडताच जड बाजूस झुकते, म्हणून. निबंधकाराकडूनही एवढीच अपेक्षा करावयाची. निर्णय देण्यास त्याने कचरू नये. मात्र निर्णयापूर्वी विरुद्ध बाजूचे वजन पुरतेपणी पारड्यात पडू द्यावे. भारतीय शास्त्रग्रंथांनी ही अट पूर्वपक्षाच्या रूपाने रचनेतच गोवून ठेवली आहे. शांकरभाष्यात सांख्यांचे खंडन येते, परंतु त्यापूर्वी सांख्यांचे म्हणणे सविस्तर येते. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याचा पाडाव करणे यात सिद्धान्ताचे बळ सिद्ध होत नाही.

मराठी निबंधाच्या परंपरेकडे या दृष्टीने पाहिले असता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या जाणाऱ्या आदर्शांचाही फेरविचार करावा लागतो. १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू करून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मराठी गद्यास जी प्रौढी आणि जो आवेश दिला, त्याचे मोल कमी लेखता येत नाही. परंतु जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी भाषेच्या आणि व्याकरणाच्या दोषांचा जो उपहास केला, त्यामुळे शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा व शिक्षणाचा मूळ प्रश्न बाजूस पडला. शैलीचा वस्तुपाठ म्हणून हे लेखन वाचावे. वादाचा वस्तुपाठ म्हणून वाचताना मात्र कोणते उत्तर द्यावयाचे राहिले, हे विद्यार्थ्याने विचारले पाहिजे.

याहून बोधप्रद उदाहरण १८९१ च्या संमतिवयाच्या वादाचे आहे. संमतीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या विधेयकास आगरकरांचा पाठिंबा होता, टिळकांचा विरोध होता. विद्यार्थ्यांच्या निबंधांत या वादाचे रूप पुष्कळदा 'सुधारक विरुद्ध सनातनी' एवढेच उरते. तथापि १८९० मध्ये स्वेच्छेने पाळावयाच्या ज्या सूचना टिळकांनी मांडल्या, त्यांत मुलीचा विवाह सोळाव्या वर्षापूर्वी करू नये, ही एक होती. म्हणजे बालविवाह चांगला की वाईट, एवढ्यापुरताच हा वाद नव्हता. परकीय सरकारला समाजाच्या रूढींत कायद्याने हात घालू द्यावा काय, हाही त्यातील एक कळीचा प्रश्न होता. हा पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला, तरच समर्थकांच्या उत्तराचे वजन कळते. १८९० मध्येच कलकत्त्यास फुलमणी ही कोवळी मुलगी पतीच्या संगाने मृत्यू पावली होती. समाज स्वेच्छेने सुधारेपर्यंत अशा मुलींनी थांबावे काय, हा सवाल मग टाळता येत नाही. विरोधकाला मूर्ख ठरवून लिहिलेल्या निबंधात या सवालाची धारच बोथट होते.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. समतोलाची मागणी बहुधा दुर्बलांकडेच केली जाते; ज्याच्यावर अन्याय झाला त्याने अन्याय करणाऱ्याची बाजू न्यायाने मांडावी, ही अपेक्षा क्रूर नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. परंतु पूर्वपक्षाची अट सौम्यपणाची अट नव्हे. 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथात फुल्यांनी संवादाची रचना स्वीकारली. धोंडिबाच्या शंकांना जोतीरावांची उत्तरे येतात, आणि ज्या पुराणकथांवर प्रहार करावयाचा त्या कथा आधी पुढे घेतल्या जातात. प्रहाराची तीव्रता त्यामुळे उणावत नाही. निष्कर्ष तीव्र असणे हा असमतोल नव्हे; ऐकून न घेता निष्कर्ष काढणे हा असमतोल होय.

आरंभी उल्लेखिलेल्या साचेबंद विषयाची परीक्षा वारणानगर येथे प्रत्यक्षात झालेली आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांसाठी तो होता. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, आरोग्य असे त्याचे व्यापक हेतू होते. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा गावोगावच्या संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या हिशेबाची माहिती मिळविण्यापुरता होत असल्याचे दिसले. ते काम मोबाइलवरील लघुसंदेशांनी भागेल काय, याचा प्रयोग मग काही गावांत करण्यात आला, आणि ते भागते असे आढळले.

'खेड्यातील संगणक : शाप की वरदान?' असा विषय दिल्यास या साऱ्या तपशिलाला निबंधात जागा उरत नाही. गौरव करणारा हेतूंची यादी देईल, टीका करणारा हेतू फसल्याचे सांगेल, आणि 'समतोल' लिहिणारा दोहोंची बेरीज करील. प्रश्न बदलून 'वारणा खोऱ्यातील ऊस उत्पादकास त्याचा हिशेब कोणत्या साधनाने सुलभपणे मिळेल?' असा केला, की पुरावा बोलू लागतो. मोठ्या यंत्रणेच्या बाजूने खरा मुद्दा असा की, तिने प्रथम हिशेब गावापर्यंत आणला. विरुद्ध मुद्दा असा की, तेवढ्यासाठी इतका पसारा आवश्यक नव्हता. दोन्ही मुद्दे एकाच वेळी खरे असू शकतात, आणि निष्कर्ष त्यांच्या मध्यावर नव्हे तर त्यांच्या पलीकडे सापडतो.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, विषय देतानाच तो निर्णयक्षम असावा. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुराव्याने बदलत नाही, तो निबंधास देऊ नये. दुसरी, विद्यार्थ्याने प्रथम केवळ विरुद्ध पक्ष लिहावा, आणि त्या पक्षाच्या सहाध्यायाने 'माझे म्हणणे हेच' अशी कबुली दिल्यावरच पुढील लेखनास हात घालावा. तिसरी, विरुद्ध पक्षातील कोणता मुद्दा मान्य केला आणि तो मान्य करूनही निर्णय का बदलला नाही, हे निबंधात स्पष्ट यावे. गुण देताना याच परिच्छेदाकडे परीक्षकाने अधिक लक्ष द्यावे.

या रीतीने लिहिताना काही विद्यार्थ्यांचे मत लेखनाच्या मध्येच बदलेल, आणि आधी लिहिलेली पाने त्यांना फाडावी लागतील. त्या श्रमाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. साचेबंद निबंधात नेमकी हीच शक्यता कधी नसते.