चेतापेशी वृद्धिघटकांची नक्कल करणारे लघुरेणू : एक चिकित्सा

मेंदूतील चेतापेशी जगाव्यात व परस्परांशी जोडलेल्या राहाव्यात, यासाठी शरीर काही प्रथिने स्वतःच निर्माण करते. वृद्धिघटकांच्या शोधाबद्दल रीटा लेवी-मोन्टालचीनी व स्टॅनली कोहेन यांना १९८६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि औषध म्हणून या प्रथिनांचा उपयोग मर्यादित राहिला. आकाराने मोठी असल्याने ती रक्त व मेंदू यांमधील अडसर सहजी ओलांडत नाहीत. थेट मेंदूच्या पोकळीत दिली असता स्वीडनमधील रुग्णांत वेदना व वजनघट आढळली. म्हणून त्याच ग्राहींना चेतविणारे लघुरेणू शोधण्याची कल्पना पुढे आली.

२०१० मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी ७,८-डायहायड्रॉक्सीफ्लेव्होन हा रेणू 'ट्रक-बी' या ग्राहीस चेतवितो, असे प्रतिपादन केले. नांदेड व लातूर येथील रसायनशास्त्राच्या अध्यापकांना फ्लेव्होनचे हे कुल अपरिचित नाही. चाल्कोनपासून फ्लेव्होन मिळविण्याची अभिक्रिया पदव्युत्तर प्रयोगशाळेत परिचयाची आहे. त्यामुळे या विषयाचे आकर्षण स्वाभाविक ठरते.

मात्र आकर्षण म्हणजे पुरावा नव्हे. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये विविध पद्धतींनी पडताळणी केली असता, हा रेणू तसेच 'एलएम२२ए-४' यांनी ट्रक-बी चेतविल्याचे दिसले नाही. मूळ प्रथिनाने मात्र अपेक्षित प्रतिसाद दिला. या फ्लेव्होनमधील शेजारी-शेजारी असलेले दोन हायड्रॉक्सिल गट सहज ऑक्सिडीकृत होतात आणि चाचण्यांत फसवे संकेत देऊ शकतात. प्राण्यांत आढळलेला लाभ खरा मानला तरी त्याचे कारण निराळे असू शकते.

'पी७५' ग्राहीवर कार्य करणाऱ्या 'एलएम११ए-३१' या रेणूची वाटचाल अधिक सावध आहे. अल्झायमरच्या २४२ रुग्णांवरील २६ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रेणू सुरक्षित ठरला, काही जैविक निर्देशकांत अनुकूल बदल दिसले. परंतु बौद्धिक क्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही.

यातून महाविद्यालयीन संशोधनाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. संगणकावर रेणू ग्राहीत बसविणे ही केवळ पहिली पायरी होय. तेवढ्यावरून त्यास 'मेंदूरक्षक' म्हणणे शास्त्रीय नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी पेशींवरील चाचणीची सोय नसेल, तर निष्कर्षाची मर्यादा तेथेच नोंदविणे उचित. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांसाठी उपाय शोधणारे कुटुंब 'संशोधनाने सिद्ध' हे शब्द वाचून पूरक गोळ्यांवर पैसे खर्च करते. त्या शब्दांची जबाबदारी ते लिहिणाऱ्यावर असते.