घरीं बांधलेल्या विमानाची वही

आमचे एक जुने विद्यार्थी सध्यां अमेरिकेंत असतात. मोटारखान्यांत सुटीच्या दिवशीं ते विमान बांधीत आहेत, व त्या कामाची मराठींत लिहिलेली वही त्यांनीं भाषा तपासण्यासाठीं आमच्याकडे धाडली आहे. भाषा आम्हीं तपासली. परंतु वाचतां वाचतां आमच्यांतील टीकाकार जागा झाला, त्यास इलाज नाहीं.

असें विमान बांधणें ही तिकडे नवलाची गोष्ट नव्हे. रिचर्ड व्हॅनग्रुन्सवेन यांनीं १९७३ सालीं ओरेगन प्रांतांत काढलेल्या एकाच कारखान्याच्या सुट्या भागांपासून हजारों विमानें घरोघर बांधून उडविण्यांत आलीं. सरकारची मुख्य अट ही कीं, निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानें शिक्षणासाठीं वा करमणुकीसाठीं केलेलें असावें. त्याचा पुरावा म्हणून छायाचित्रें व टिपणें ठेवावीं लागतात. म्हणजे या वाङ्मयप्रकाराचा जन्मच अधिकाऱ्यास दाखविण्यासाठीं झाला आहे, आणि त्याचे गुणदोष तेथूनच येतात.

वहीचा सर्वांत सरस भाग फ्लॅपांचा. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागील कडेस, विमानाच्या धडाजवळ, बिजागरीनें जोडलेली झडप. उतरतांना ती खालीं झुकविली म्हणजे पंखाची उचल वाढते, हवेचा विरोधही वाढतो, आणि विमान कमी वेगानें जमिनीस टेकूं शकतें. येथें लेखक विशेषणें टाकून देतात आणि पत्र्याशीं बोलूं लागतात. प्रत्येक छिद्राची खरबरीत कड काढावी लागते, कारण चीर सुरू होते ती तेथूनच; पातळ पत्रा खोलगट कोरून चालत नाहीं, म्हणून रिव्हेटाचें डोकें बसण्यासाठीं त्यास साच्यानें खळी पाडावी लागते; ठोकल्यावर रिव्हेटाचें मागचें बोंड त्याच्या जाडीच्या दीडपट रुंद व निम्में उंच व्हावें लागतें. हें सर्व इतकें स्वच्छ उतरलें आहे कीं, खिळा ठोकण्यासही सुतार बोलावणाऱ्या आमच्यासारख्या पदवीधरास बोटांना पत्रा लागल्याचा भास झाला. ती खळी किरकोळ समजूं नये. याच कारखान्यानें कांहीं भाग लेसर-किरणांनीं कापविले, तेव्हां खळी पाडतांना छिद्रांस चिरा जाऊं लागल्या. २०२३ सालीं हें प्रकरण गाजलें, आणि इतर अडचणींची भर पडून डिसेंबरांत कारखान्यास दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला.

आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनीं कांदिवलीच्या एका गच्चीवर बांधलेलें विमान २०१६ सालीं मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. त्यावर आम्हीं जें वाचलें, त्यांत जिद्दीचें वर्णन पुष्कळ, रिव्हेटाचें मुळींच नाहीं. या दृष्टीनें ही वही मोलाची आहे.

आतां दोष. आकाश, गरुड व मातृभूमि यांवरील पानें खुशाल गाळावीं. परंतु त्याहून मोठा दोष न लिहिलेल्या पानाचा आहे. डावा फ्लॅप बारा पानें व्यापतो. उजव्याच्या वांट्यास एकच वाक्य, कीं तो पुन्हां केला. पुन्हां कां? पुष्कळदां नकाशांत डावी बाजू काढलेली असते व उजवी तिच्या उलट समजून घ्यावयाची असते. तेथें घोटाळा झाला? कीं फ्लॅपास पीळ पडला? सपाट मेजावर वजनें ठेवून तो जोडावा लागतो, शेवटचे रिव्हेट बसल्यावर पीळ निघत नाहीं, हें लेखकांनींच डाव्याच्या वेळीं बजावलें आहे. आम्हीं पत्रानें विचारलें. उत्तर आलें कीं, पीळच पडला होता. परंतु तपासनीस पाहील, आणि आईही वही वाचते, म्हणून तें पान फाडलें.

तपासनिसाचें कारण आम्हांस पटत नाहीं. दोन बाजूंचे फ्लॅप सारखे नसले तर विमान एका अंगावर कलतें. बिघडलेला भाग ओळखून टाकून दिला, हीच बांधणाऱ्याच्या नजरेची साक्ष होय. शिवाय त्या पानावांचून डाव्या फ्लॅपाचीं बारा पानेंही संशयास्पद वाटूं लागतात. आईचें कारण मात्र निराळें आहे, आणि त्यास टीकाशास्त्रांत उत्तर नाहीं.

तें पान आठवून पुन्हां लिहावें, असें आम्हीं त्यांस कळविलें आहे. तोंवर वही छापण्यास देऊं नये, असें आमचें मत आहे.